यादीतला तिसरा प्रवासी

न्हावा-शेवा बंदरात एका सीएचएकडे मी एकतीस वर्षे नोकरी केली. सीएचए म्हणजे आयात-निर्यातदारांच्या वतीने कस्टमचे सोपस्कार पार पाडणारा दलाल. बिल ऑफ एंट्री या आयातीच्या कागदातला एक आकडा चुकला म्हणून कंटेनर अकरा दिवस पडून राहिलेला मी पाहिला आहे आणि त्याचे डेमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचा आकार, कोणी भरायचे यावरून दोन भागीदारांचे संबंध कायमचे तुटलेलेही पाहिले आहेत. त्यामुळे रेशीम मार्गावर जायचे ठरले, तेव्हा घुमट, मीनार आणि उंटांचे तांडे यांच्यापेक्षा मला एकाच गोष्टीची उत्सुकता अधिक होती : या वाटेने शेकडो वर्षे माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात होता, तर तो सोडत कोण होते आणि कोणत्या कागदावर? पुरातत्त्वशास्त्र शिकलेली माझी भाची सोबत येणार होती. ती म्हणाली, "मामा, ते पाहायचं असेल तर विमानाने थेट काशगरला उतरून काही कळणार नाही. खिंड ओलांडून जायला हवं." म्हणून सप्टेंबर २०१९ मध्ये आम्ही किर्गिझस्तानातून तोरुगार्त खिंडीमार्गे चीनमध्ये शिरलो.

रेशीम मार्ग हे नाव त्या वाटेने चालणाऱ्यांनी कधी ऐकलेही नव्हते. जर्मन भूगोलतज्ज्ञ फर्डिनांड फोन रिख्टहोफेन याने ते १८७७ मध्ये रूढ केले आणि नकाशावर एक ठळक रेघ ओढली गेल्यासारखे झाले. प्रत्यक्षात ती एक वाट नव्हती. तक्लामकान वाळवंटाच्या उत्तरेकडून एक, दक्षिणेकडून एक, तिएनशान आणि पामीर ओलांडणाऱ्या अनेक, असे ते जाळे होते. आणि चीनमधून निघून रोमपर्यंत पोहोचलेला व्यापारी शोधू म्हटले तर सापडत नाही. माल पोहोचत होता, माणूस पोहोचत नव्हता. एका मुक्कामाचा व्यापारी पुढच्या मुक्कामाच्या व्यापाऱ्याला माल विकून परत फिरत असे. हे मी वाचलेले होते, पण वाचलेले आणि अंगावर आलेले यांत फरक असतो.

तोरुगार्त ही ३७५२ मीटर उंचीवरची खिंड परदेशी प्रवाशाला सहजासहजी ओलांडता येत नाही. चीनचा व्हिसा हातात असणे पुरेसे नसते. किर्गिझ गाडी सीमेपलीकडे जात नाही आणि सीमेवरून पुढे कोणतेही सार्वजनिक वाहन नाही, त्यामुळे चीनच्या बाजूची गाडी आधी ठरवावी लागते, ती परवाना घेऊन ठरलेल्या दिवशी वर यावी लागते आणि ती येणार असल्याचे, प्रवाशांच्या नावांसकट लिहिलेले पत्र किर्गिझ अधिकाऱ्यांना दाखवावे लागते. शनिवारी-रविवारी खिंड बंद असे. दोन्ही देशांच्या सुट्ट्या वेगळ्या, जेवणाच्या सुट्ट्या वेगळ्या, घड्याळेही वेगळी. मुंबईत चीनच्या व्हिसाचा अर्ज भरताना रोजचा मुक्काम, हॉटेलांची आरक्षणे, परतीचे तिकीट असे सगळे जोडले आणि एक गोष्ट आठवणीने घरी ठेवली : भारतात छापलेला आशियाचा नकाशा. त्यात अक्साई चिन आपल्याकडे दाखवलेला असतो आणि चीनच्या तपासणीत नकाशे बारकाईने पाहिले जातात, हे ठाऊक होते.

पलीकडच्या गाडीचे पत्र देणाऱ्या एजन्सीने मात्र आमचा जीव टांगणीला लावला. पैसे जुलैत घेतले आणि पत्र आले आम्ही बिश्केकला पोहोचल्यावर, निघण्याच्या आदल्या रात्री. चिनी लिपीतले दोन परिच्छेद, खाली तांबडा गोल शिक्का, मध्ये नावांचा तक्ता. शिक्का पाहून मला हायसे वाटले. तक्ता नीट वाचला नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर ही चूक माझ्याकडून व्हावी, याची मला अजूनही लाज वाटते.

बिश्केकमधला दोर्दोय बाजार पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे मी सांगेन. एकावर एक ठेवलेल्या कंटेनरांच्या या गल्ल्यांमध्ये खालचा कंटेनर म्हणजे दुकान आणि वरचा म्हणजे गोदाम. दारांवर जहाज कंपन्यांची नावे तशीच होती आणि त्यांतल्या निम्म्या कंपन्यांची कामे मी स्वतः केलेली. आत चिनी चपला, पडदे, बाळंतविडे, भिंतीवरची घड्याळे. हा माल ज्या खिंडींतून ट्रकने येतो, त्यांपैकीच एका खिंडीकडे आम्ही निघालो होतो.

दुसऱ्या दिवशी तोकमोक गावाजवळ बुराना मनोरा आणि आक-बेशिमचे अवशेष पाहिले. मनोरा अकराव्या शतकातला, एकेकाळी सुमारे ४५ मीटर उंच होता आणि भूकंपाने आता २५ मीटरच्या आसपास उरला आहे. आक-बेशिम, म्हणजे जुने सुयाब, दिसायला काहीच नाही : मातीचे उंचवटे, गवत, दोन गाई. पण समरकंदकडच्या सोग्दियन व्यापाऱ्यांनी वसवलेल्या याच शहरात, इ.स. ६३० च्या सुमारास, तिएनशानच्या बर्फात आपले काही सोबती गमावून आलेला ह्युएनत्संग तुर्कांच्या खानाला भेटला होता. शाळेच्या पुस्तकात आपण ज्याला पुलकेशीच्या दरबाराशी जोडून पाठ करतो आणि ज्याने महाराष्ट्रातल्या माणसांचा स्वाभिमान आणि सूड घेण्याची वृत्ती नोंदवून ठेवली, तोच हा ह्युएनत्संग. तो चीनमधून निघाला तो बादशहाच्या परवान्याशिवाय, पहारेकऱ्यांना चुकवून, रात्रीचा. १६ वर्षांनी, ६४५ मध्ये तो राजधानीत परतला, तेव्हा त्याचे स्वागत झाले. भाचीला त्याची विद्वत्ता आठवत होती. मला त्याचे बिनपरवाना निघणे जास्त आठवत होते.

नारिन गावी एक मुक्काम करून तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही ताश राबातला पोहोचलो. मुख्य रस्ता सोडून पंधरा किलोमीटर आत, सुमारे ३२०० मीटर उंचीवर, एका अरुंद दरीत डोंगराला पाठ लावून बसलेली ही दगडी इमारत पंधराव्या शतकातली सराई मानली जाते; त्याआधी तिथे ख्रिस्ती मठ होता असेही काही अभ्यासक म्हणतात. बाहेरून ती लहान वाटते. आत शिरल्यावर मधला घुमट आणि त्याच्या भोवती तीसेक खोल्या लागतात. खोल्यांना खिडक्या नाहीत, छतात फक्त एक झरोका. मी एका खोलीत हात पसरून उभा राहिलो, तर दोन्ही हातांची बोटे समोरासमोरच्या भिंतींना जवळजवळ लागली. माल भिंतीशी रचला की माणसाने कुठे झोपायचे, असा प्रश्न मला पडला आणि माझ्या लक्षात आले की मालावरच झोपायचे. बंदरातल्या शेडमध्ये आमचे हमाल रात्रपाळीला तेच करत.

रात्री तंबूत शेणाच्या गोवऱ्यांची शेगडी होती, तरी दोन रजयांमध्येही थंडी वाजत होती आणि उंचीमुळे डोके ठणकत होते. आमचा चालक तिशीतला, शांत स्वभावाचा होता. तो मला 'बायके' म्हणत असे. किर्गिझ भाषेत वयाने मोठ्या पुरुषाला आदराने असेच म्हणतात, हे कळेपर्यंत भाचीचे हसून हाल झाले.

गुरुवारी पहाटे सहाला निघालो. घाईचे कारण घड्याळ. सगळा चीन बीजिंगच्या वेळेने चालतो आणि ती किर्गिझ वेळेच्या दोन तास पुढे आहे. म्हणजे आमचे साडेनऊ वाजले की पलीकडे साडेअकरा झालेले असतात, आणि दुपारच्या जेवणासाठी पलीकडचे फाटक लागले की ते दोन-तीन तास उघडत नाही. रस्ता उत्तम होता. डाव्या हाताला सोव्हिएत काळातले काटेरी तारेचे कुंपण किलोमीटरच्या किलोमीटर सोबत करत होते. एका वळणावर चाटिर-कोल सरोवराची फिकट निळी पट्टी दिसली आणि पहिली चौकी आली.

चौकीवरच्या तरुण शिपायाने पासपोर्ट पाहिले, पत्र पाहिले, पुन्हा गाडीत डोकावला आणि रशियनमध्ये काहीतरी विचारले. चालकाने मान हलवली. शिपायाने तीन बोटे दाखवली. मग आमच्याकडे पाहून दोन. पत्रावरच्या तक्त्यात तीन ओळी होत्या. पहिल्या ओळीत माझे नाव आणि आडनाव, दुसऱ्या ओळीत माझ्या वडिलांचे नाव, तिसऱ्या ओळीत भाची. माझ्या पासपोर्टवर, आपल्याकडच्या रीतीप्रमाणे, माझ्या नावापुढे वडिलांचे नाव आहे, आणि ज्याने कोणी तक्ता भरला त्याने एका माणसाची दोन माणसे केली होती. वडिलांच्या ओळीत पासपोर्टचा क्रमांक माझाच होता. भाचीच्या पासपोर्टवर तिचे एकटीचे नाव असल्यामुळे ती या घोळातून वाचली.

तिसरा प्रवासी कुठे आहे, हे शिपायाला हवे होते. माझे वडील लालबागच्या एका कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते. कोकणातले गाव आणि मुंबई यांच्यापलीकडे त्यांनी कधी पाऊल टाकले नाही, आणि १९९४ मध्ये ते वारले. ३५०० मीटर उंचीवर, गोठवणाऱ्या वाऱ्यात, त्यांचा पत्ता विचारला जाईल असे कोणाला वाटले असते?

मी इंग्रजीत समजावू लागलो, ते निष्फळ ठरले. शिपायाने आत जाऊन वरिष्ठाला आणले. वरिष्ठाने पत्र उलटसुलट पाहिले आणि गाडी बाजूला लावायला सांगितली. पाऊण तास गेला. मोबाइलला रेंज नव्हती, त्यामुळे एजन्सीला फोन करण्याचा प्रश्नच नव्हता. मग चालकाच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने माझ्या पासपोर्टवरच्या नावातल्या मधल्या शब्दावर बोट ठेवले आणि एकच रशियन शब्द उच्चारला : ओत्चेस्त्वो. म्हणजे पितृनाम. रशियन रीतीत माणसाच्या नावामागे बापाचे नाव लागतेच, सोव्हिएत काळातल्या प्रत्येक दाखल्यावर त्यासाठी वेगळा रकाना असे, आणि त्या वरिष्ठाच्या स्वतःच्या ओळखपत्रावरही तो असणार. त्याचा चेहरा क्षणात बदलला. त्याने माझ्याकडे बोट दाखवले, मग दुसऱ्या ओळीकडे, आणि विचारले, "पापा?" मी म्हणालो, "पापा." त्याने नोंदवहीत दोन लिहिले आणि आडवा बांबू वर उचलला.

पुढे किर्गिझ कस्टमच्या इमारतीत फारसे काही घडले नाही. रांगेत ट्रक होते, शंभराच्या वर तरी असतील, आणि चालक त्यांच्या चाकांच्या आडोशाला गॅसवर चहा करत बसले होते. चीनकडून येणारे ट्रक भरलेले आणि चीनकडे जाणारे बहुतेक रिकामे होते, हे दुरूनही कळत होते, कारण रिकाम्या ट्रकची ताडपत्री वाऱ्याने फडफडते. शिक्के बसले. तिथून सात किलोमीटरवर प्रत्यक्ष सीमा.

सीमेवर एक कमान आहे. कमानीखाली साखळी, साखळीपलीकडे चिनी सैनिक. आमच्या चालकाने गाडी साखळीपासून वीस पावलांवर थांबवली, कारण त्याला त्यापुढे जाण्याची मुभा नव्हती. पलीकडची गाडी आलेली नव्हती. आम्ही काचा वर करून बसलो. माझ्या घड्याळात नऊ वाजून पन्नास मिनिटे, म्हणजे तिकडचे अकरा पन्नास. जेवणाच्या सुट्टीच्या विचाराने माझ्या पोटात गोळा आला. मग बाराला पाच कमी असताना खालून एक पांढरी व्हॅन धूळ उडवत आली.

पुढचे दोन मिनिटांचे दृश्य पाहायलाच मी इतक्या लांब गेलो होतो, असे आता वाटते. व्हॅनचा चालक साखळीपर्यंत आला, आमचा चालक साखळीपर्यंत गेला. दोघांनी छातीवर हात ठेवून एकाच भाषेत एकमेकांची विचारपूस केली, कारण पलीकडचा माणूसही किर्गिझ होता. सीमेच्या त्या बाजूचा प्रदेश किर्गिझ लोकांच्याच नावाने ओळखला जातो. आमच्या चालकाने घोळ समजावून सांगितला आणि तो पुढच्या तपासणीत सांगता यावा म्हणून पत्राच्या मागे किर्गिझमध्ये दोन ओळी लिहून दिल्या. पलीकडच्याने कागद हातात घेतला, पाहिला आणि हसला. त्याला ते वाचता येईना. किर्गिझस्तानात ही भाषा रशियन वळणाच्या सिरिलिक लिपीत लिहितात आणि चीनमध्ये अरबी वळणाच्या लिपीत. तेच शब्द, तोच उच्चार, पण कागदावर आल्यावर परके. मग आमच्या चालकाने वाचून दाखवले आणि दुसऱ्याने आपल्या लिपीत, उजवीकडून डावीकडे, त्याच मजकुराखाली उतरवून घेतले. सैनिक घड्याळाकडे पाहत उभा होता. साखळी खाली आली, आम्ही खडीतून बॅगा उचलून चाललो, कारण चाके खडीत फिरत नाहीत, आणि दहा-बारा पावलांत आम्ही एका हातातून दुसऱ्या हातात गेलो. मी मागे वळून पाहिले तेव्हा आमची गाडी वळलेली होती.

चीनच्या बाजूला वरच्या चौकीत पहिली झडती झाली. बॅगा पूर्ण रिकाम्या करायला लावल्या, भाचीच्या मोबाइलमधली छायाचित्रे पाहिली, माझ्या वहीची पाने उलटली. मेतकुटाची बरणी बराच वेळ हातोहात फिरली. सैनिकाने झाकण उघडून वास घेतला, शिंकला आणि बरणी परत दिली. तक्त्यातली दुसरी ओळ इथेही आडवी आली. व्हॅनच्या चालकाने कागदामागचा मजकूर वाचून चिनी भाषेत सांगितला, सैनिकाने वायरलेसवर कोणाशी तरी बोलणे केले आणि आम्हाला खाली जाऊ दिले, पण निकाल खालच्या कस्टममध्ये लागेल असे बजावून.

खालचे कस्टम सीमेपासून शंभरावर किलोमीटर दूर आहे. तो सगळा उतार तांबड्या, भेगाळलेल्या डोंगरांमधून जातो. वाटेत भाचीने मला तक्लामकानच्या ईशान्येकडच्या तुर्फान गावाच्या कबरींची हकिकत सांगितली. तिथल्या अस्ताना या दफनभूमीत मृतांसाठी कागदाचे बूट, टोप्या, पट्टे करून घालत. कागद महाग असल्याने त्यासाठी कचेरीतली रद्दी वापरत. कोरड्या हवेत ते टिकले, आणि विसाव्या शतकात अभ्यासकांनी ते बूट उलगडले तेव्हा आत करार, दावे, पगारपत्रके आणि प्रवासाचे परवाने निघाले. ७३२ सालचा एका सोग्दियन व्यापाऱ्याचा परवाना त्यांत आहे. सोबत किती माणसे, किती घोडे, कुठून कुठे जाणार, हे सगळे मोजून लिहिलेले, आणि वाटेतल्या चौक्यांवर ते पुन्हा ताडून पाहिलेले. माणूस वाढला किंवा जनावर कमी झाले, तर खुलासा द्यावा लागे. तुर्फानच्याच सातव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका नोंदीत बाजारातल्या तराजूच्या कराचा हिशेब आहे. रेशीम, चांदी, औषधे आणि त्यांच्या जोडीला नवसागर, तोही मोठ्या वजनात. आमच्या चाळीत कल्हईवाला भांड्यावर जो फेकायचा आणि ज्याचा पांढरा धूर नाकात जायचा, तोच नवसागर. या वाटेचे नाव त्यावरून पडले नाही, याचे मला त्या क्षणी वाईट वाटले.

रेशमाचेही तिने सांगितले, की चीनच्या तांग घराण्याच्या काळात ते नाणे म्हणून चाले. मध्य आशियातल्या सैन्याचा पगार रेशमाच्या ताग्यांत जाई, आणि तागा ठरावीक मापाचा असे : रुंदी सुमारे ५४ सेंटिमीटर, लांबी सुमारे १२ मीटर. पगार कापडात मिळाला असता तर माझ्या वडिलांनी पन्हा आणि वीण तपासल्याशिवाय अंगठा उमटवला नसता, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

खालच्या कस्टममध्ये चष्मा लावलेली एक तरुण अधिकारी होती. तिने एजन्सीला फोन लावला. पलीकडून बराच वेळ स्पष्टीकरण चालले असावे, कारण ती मध्येमध्ये फक्त हुंकार देत होती. मग तिने पट्टी घेतली, तक्त्याच्या दुसऱ्या ओळीवर ठेवली आणि तांबड्या पेनाने सरळ रेघ ओढली. रेघेच्या टोकाला आपला छोटा शिक्का उमटवला आणि मला तिथे सही करायला सांगितली. काम अतिशय नीटनेटके होते. आमच्याकडचा अप्रेझर, म्हणजे मालाची तपासणी करणारा कस्टम अधिकारी, इतकी सरळ रेघ ओढत नसे. त्या कागदाची प्रत मिळेल का, असे मी विचारले. ती नाही म्हणाली.

काशगर संध्याकाळी आले. तक्लामकानच्या दोन्ही बाजूंच्या वाटा जिथे मिळतात ते हे गाव. लेहवरून काराकोरम ओलांडून येणारे भारतीय व्यापारी १९४९ पर्यंत यारकंद-काशगरशी देवघेव करत, आणि स्वतंत्र भारताचे इथले वाणिज्यदूत राम साठे हे होते, जे पुढे परराष्ट्र सचिव झाले. त्या काळी मराठी आडनावाच्या माणसाने इथे कचेरी थाटली होती, हे आठवून मला उगाचच धीर आला. रस्त्यावर शंभर-शंभर पावलांवर पोलिसांच्या चौक्या होत्या, बाजारात शिरतानाही बॅग यंत्रातून जात होती, आणि इद काह मशिदीसमोरच्या चौकात नान भाजण्याचा वास दरवळत होता. गावात घड्याळे दोन : सरकारी कचेऱ्यांचे बीजिंगचे आणि लोकांच्या मनगटावरचे दोन तास मागे.

हॉटेलची आरक्षणे त्याच एजन्सीने केलेली होती, सीमेवरची दुरुस्ती होण्याआधी. भाचीला एक खोली आणि दोन पुरुषांना एक. स्वागतकक्षातल्या मुलाने नोंदणीच्या तीन चिठ्ठ्या पुढे केल्या, त्यांतल्या दुसऱ्या चिठ्ठीवर वडिलांचे नाव टाइप केलेले होते, आणि दुसरे पाहुणे कधी येणार, असे त्याने मोबाइलमधल्या भाषांतराच्या ॲपवरून विचारले. भाचीने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "उशीर होईल त्यांना." मुलाने ते टाइप करून घेतले आणि मान डोलावली.

खोलीत दोन पलंग होते. दोन्हींवर पांढऱ्या चादरी ताणून घातलेल्या, दोन्हींच्या पायथ्याशी कागदी पट्टी लावलेल्या सपातांचे एकेक जोड, मध्ये दोन पेले आणि चहाच्या दोन पुड्या. मी बॅग जमिनीवर ठेवली.